भैरीच्या पडद्याचं आभाळ

“आभाळ माझ्या अब्बांनी रंगवलंय!”

“ताई, आभाळ आमी रंगवताव. दरवर्षी. चुन्यात नीळ घालून.”

“चुन्यात नीळ?”

“मग काय? देवळाची भिंत रंगवताव तेव्हाच पडद्यालाबी एक हात देताव. छप्पन वर्षं झाली पडद्याला. आभाळ आपोआप निळं राहतं काय?”

“म्हणजे चुना फासलात! माझ्या अब्बांच्या कामावर!”

“फासला नाय, रंगवलं. आन् कुणाच्या अब्बांच्या? पडदा श्रीपतकाकांचा हाय. चित्रकार श्रीपत उतेकर. जग ओळखतं त्यांना.”

“जगाला काय माहीत? जग होतं का इथे तेव्हा?”

“तुमी होतात?”

“माझा जन्म नव्हता झाला!”

“माझाबी नव्हता,” दीपक म्हणाला आणि भांडण तिथेच अडलं, कारण साक्षीदार कुणाकडेच नव्हता.

पोलादपूरहून घाटाकडे चढताना डाव्या हाताला आमचं गाव लागतं. गावात भैरीचं देऊळ, देवळासमोर सारवलेलं मोठं खळं, आणि खळ्यात त्या सकाळी पसरलेला पडदा. चोवीस फूट रुंद, चौदा फूट उंच. चैत्रातल्या जत्रेला गावाचं नाटक होतं, त्या नाटकामागे हा पडदा दर वर्षी लागतो. राजा असो, पोलीस असो, सासू असो, सगळ्यांच्या मागे तोच रस्ता, तोच वाडा, तीच तीन झाडं. झाडांच्या वर मात्र नुसती सपाट निळाई. धुतल्या शर्टाच्या कॉलरसारखी.

दीपक उतेकर म्हणजे ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी आणि श्रीपतकाकांचा सख्खा पुतण्या. समोर हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन उभी होती ती महरुन्निसा पुरकर. महाडला ती शिवणक्लास चालवते. तिच्या क्लासातून गेलेल्या मुली आज महाडातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवतात, असं ती स्वतःच सांगते. वर्तमानपत्रात बातमी होती: दिवंगत चित्रकार श्रीपत उतेकरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन मुंबईत भरणार, त्यांनी तरुणपणी रंगवलेला गावचा पडदाही तिथे नेणार. ती वाचून महरुन्निसाने सकाळीच रिक्षा ठरवली होती. रिक्षावाला वीर स्टेशनच्या फेऱ्या सोडून आला होता आणि तेही तिला दोनदा ऐकवून झालं होतं.

प्रदर्शनासाठी मुंबईहून आलेल्या अनुपमा मॅडम पडद्याच्या कडेला उकिडव्या बसून टेपने मापं घेत होत्या. मी जत्रेच्या नाटकाच्या तालमीसाठी गावात होते, म्हणून टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. भांडणाची ठिणगी खरं तर मॅडमच्याच एका वाक्याने पडली होती. त्या मला म्हणाल्या होत्या, “वरचा निळा भाग आपण मागे दुमडू. ते काम उतेकरांचं नाही, कुणीतरी नंतर फासलंय.” आणि रिक्षातून उतरणाऱ्या महरुन्निसाने नेमकं तेवढंच ऐकलं.

“दुमडणार? आभाळ दुमडणार?” इथून सुरुवात झाली होती.

देवळाच्या पायरीवर साळूबाई गूळपाणी घेऊन बसली होती. सत्तरीची, गावची जुनी जाणती. “गो पोरी, आधी पाणी पी. भांडान कुठं पळून जातंय?”

“नको मला.”

“बरं, तुझा बापूस कुठं हाय? त्यालाच विचारू.”

महरुन्निसा जरा ओशाळली. “रिक्षात बसलेत. म्हणाले, मी नाही येत, तू भांडणार.”

साळूबाई इतकी हसली, की तांब्यातलं पाणी हिंदकळलं. तीच उठली, रिक्षापाशी गेली आणि जलीलचाचांना हाताला धरून घेऊन आली.

जलील पुरकर. वय एक्याऐंशी. पांढरा लेंगा, सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. महाडात कुणालाही विचारा, “जलील पेंटर ना? आमच्या दुकानाची पाटी त्यांनीच केलेली,” एवढं सांगतील. त्यापुढे काही नाही.

चाचा देवळाच्या पायरीवर टेकले. गूळपाणी घेतलं, साळूबाईला “अल्ला भला करो” म्हणाले, आणि मग पडद्याकडे पाहिलं. आभाळाकडे नाही. पडद्याच्या खालच्या काठाकडे पाहत राहिले.

“दांडा तोच हाय काय?”

दीपक म्हणाला, “व्हय. सागाचा हाय. कधी बदलला नाय.”

“उसवला नाय?”

“कशाला उसवायचा?”

“मग बघा उसवून,” चाचा सहज म्हणाले, पाणी कुठे ठेवलंय ते सांगावं तसं. “आत रंग असंल.”

पडद्याचा खालचा काठ त्या सागाच्या दांड्याभोवती तीनचार वेढे गुंडाळून शिवलेला होता. पडदा खाली ताणून राहावा म्हणून हा दांडा असतो. वर ओढला तरी काठ त्यातच, खाली सोडला तरी त्यातच. छप्पन वर्षांत तेवढ्या कापडाला कुणी पाहिलं नव्हतं.

महरुन्निसा वाकली. शिवणीवरून तिने अंगठा फिरवला आणि तिचा आवाज एकदम बदलला. क्लासातला झाला. “ब्लेड आहे का कुणाकडे? हा लांब टाका आहे, आळशी टाका. अब्बा, हा तुमचा नाही.”

“श्रीपतचा. मी सांगतोय, बारीक घाल, बारीक घाल. तो म्हणं, कोण बघतंय?”

दीपकने ब्लेड आणलं. “मंडळाला विचारायला पायजे खरं तर,” असं म्हणत त्यानेच ते तिच्या हातात ठेवलं. ती एकेक टाका उडवू लागली. दोरा जाड होता, जुनाट होता, टकटक तुटत होता. चोवीस फूट उसवायला वेळ लागणार होता, म्हणून सगळेच पडद्याच्या काठाशी बसलो. आणि बसल्यावर माणसं बोलतात.

“तुमी आन् काका एकत्र होतात, हे खरं काय चाचा?” दीपकने विचारलं. त्याचा आवाज अजून पुरता मऊ झाला नव्हता.

“नऊ वर्षं. महाडात भाताची गिरण होती, तिच्या मागच्या खोलीत. रात्रंदिस तूस उडायचा. कालवणात तूस, अंथरुणात तूस. तुझा काका वैतागायचा. मी म्हणायचो, अरे, पांढऱ्या रंगात घाल, ढग चांगला उठेल.”

“घातला?”

“घातला ना. ढग उठला, पण दोन दिसांनी त्याच्यात किडे झाले.”

एका नाटक कंपनीबरोबर फिरत आलेला म्हातारा पडदेवाला तेव्हा महाडात राहून गेला होता. त्याच्या हाताखाली ही दोन पोरं शिकली. चाचांची शाळा चौथीत सुटली होती; श्रीपत उतेकर गावातून हायस्कुलाला आले आणि चित्रात रमले. तो उस्ताद गेल्यावर दोघांनीच काम पुढे चालवलं. सायकलला कापडाचा गठ्ठा बांधायचा, तिच्या दोन बाजूंनी दोघांनी चालायचं, आणि गावोगाव पडदे रंगवत जायचं. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत असे एकतीस पडदे केले, हे चाचांना पाठ आहे. त्यातले बाकीचे तीस आता कुठेच नाहीत. काही उंदरांनी खाल्ले, काही पावसात गेले, एकाचं तर भाताच्या पेंढ्यांच्या उडवीवर झाकण झालं. तळीयेला एक होता. तो दोन हजार एकवीसच्या दरडीत गावाबरोबरच गेला.

“आन् कामाची वाटणी?” मीच विचारलं.

“झाडांच्या वरचं माझं, झाडांच्या खालचं त्याचं.”

“भांडणं व्हायची?”

“कालवणावरनं. सोमवारी त्याचा उपास. मग एकट्यासाठी कोण चूल पेटवील? मीपण उपाशी. रमजानात तो दुपारचा जेवायचा नाय. मी म्हणायचो, तू खा रे बाबा, तुला कुणी अडवलंय? तर म्हणायचा, एकट्यासाठी कोण चूल पेटवील?”

तेवढ्यात महरुन्निसा म्हणाली, “निघाली.”

शिवण सुटली होती. मी आणि दीपकने दांडा हळूहळू मागे लोटला, कापडाचे वेढे उलगडत गेले, आणि आतून रंग बाहेर आला.

ते रंग मी कधी विसरणार नाही. उन्हाने, धुराने, हातांनी न पाहिलेले. पोस्टकार्डाएवढे चौकोन एकापुढे एक केलेले होते, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे आभाळाचा एक तुकडा होता. खाली दुधासारखा, वर चढत निळा होणारा, आणि दोन्हींच्या मधे एक तांबूस झाक. ती कुठे सुरू होते ते काही सापडत नव्हतं. दीपकने नकळत मान वर करून खरं आभाळ पाहून घेतलं.

“रंग लावायच्या आधी करून बघायचे ना,” चाचा म्हणाले. “मग ते कापड दांड्यात जायचं. वाया कशाला घालवा?”

“इथे काहीतरी लिहिलंय,” अनुपमा मॅडम म्हणाल्या.

प्रत्येक चौकोनाखाली पेन्सिलीने दोन ओळी होत्या, दोन वेगळ्या अक्षरांत. मॅडमनी चष्मा बदलला आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

“‘जमलं?’ खाली: ‘नाय. पांढरा जास्त.’ पुढचा: ‘आता?’ ‘नाय. घाई केलीस.’ ‘आता बघ.’ ‘नाय. ह्यात पाऊस दिसतो. जत्रा चैत्रात आहे.’”

त्या थांबल्या. “प्रश्नांचं अक्षर श्रीपत उतेकरांचं आहे. मी त्यांच्या वह्या पाहिल्यात, शंभर टक्के त्यांचं.” मग त्यांनी मान वळवून पायरीवरच्या माणसाकडे पाहिलं. “आणि उत्तरं?”

दीपक उतेकर हा वकील व्हायला हवा होता. “थांबा मॅडम, पुढचं वाचू नका. चाचा, पुढं काय लिवलंय, सांगा बघू.”

“आता छप्पन वर्षांनी मला काय आठवणार, बाबा? पण ‘नाय’च असंल.”

मॅडमनी पाहिलं. “‘नाय. काल बरं होतं.’”

साळूबाईने टाळी वाजवली. असे चौदा चौकोन होते. तेरा ठिकाणी ‘नाय’. चौदाव्याखाली लिहिलं होतं: ‘जमलं. पण सरस कमी.’

“मास्तरांच्या वर गेलात की तुमी,” साळूबाई म्हणाली. “पास केलंत तेबी एक मार्क कापून!”

अनुपमा मॅडम मात्र हसत नव्हत्या. श्रीपत उतेकरांचं नाव झालं ते त्यांच्या आभाळांमुळेच. भिंतीएवढ्या कॅनव्हासवर नुसतं आभाळ, खाली अंगठ्याएवढी जमीन. आम्हाला कॉलेजात त्यांच्यावर एक अख्खं व्याख्यान होतं, आणि हे आभाळ त्यांना कुठे सापडलं याबद्दल त्यात बरंच काही सांगितलं होतं. गिरणीच्या मागच्या खोलीबद्दल काही नव्हतं.

“चाचा, तुम्ही शिकवलंत त्यांना?”

“शिकवलं कसलं? आभाळ एकट्यानं होत नाय. सरस म्हणजे गोंद, त्यात कालवलेला रंग गरम असतो तोवरच पसरतो. चैत्रात तर लगेच वाळतो. एकानं रंग ओढत पुढं जायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागनं कोरडा कुंचला फिरवत यायचं. सांधा पुसायला. मी पुढं, तो मागं. मागच्याला सगळं दिसतं, म्हणून तो शिकला.” मग जरा विचार करून म्हणाले, “त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. सांधा कधी दिसला नाय.”

महरुन्निसाचा हात चौकोनांच्या त्या उलगडलेल्या पट्टीवर थांबला. वडिलांची ही बाजू ती आयुष्यभर लढवत आली होती, आणि तेच आता अर्धं आभाळ उतेकरांना देऊन मोकळे झाले होते.

“मग तुम्ही मुंबईला का नाही गेलात?” मॅडमनी विचारलं.

“गेलो ना. दोघं गेलो. तिथल्या चित्रशाळेत चित्रकलेच्या परीक्षेचं सर्टिफिकेट मागितलं. त्याच्याकडं होतं, माझ्याकडं नव्हतं. मी दुपारच्या एस.टी.नं परत.”

एवढंच. पुढच्या आयुष्याबद्दल मात्र महरुन्निसाच बोलली, हाताने पट्टी सारखी करत. दर वर्षी ईदच्या आधी गावचा कुणी ना कुणी मुंबईहून एक पुडी घेऊन यायचा. आत उंची निळा रंग, वर काकांच्या अक्षरात ‘आभाळासाठी’. पण पडदे कोण करून घेणार? नाटकं कमी झाली होती, आणि मागे कोरडा कुंचला फिरवणारा उरला नव्हता. मग चाचांनी तो निळा पाट्यांत घातला. किराणा असो, सायकलचं दुकान असो, दवाखाना असो, अक्षरांच्या मागे खाली दुधाळ आणि वर निळं. बिरवाडीत कारखान्यातल्या कामगारांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हा त्यांच्या दारांवर नंबर टाकायचं काम आलं. त्या नंबरांच्या मागेही आभाळ. मालक म्हणाला, नंबर सांगितला होता. चाचा म्हणाले, नंबर आहे की.

“मग फ्लेक्स आले, पाट्या उतरल्या,” ती म्हणाली. “उरलेल्या दोन हजार एकवीसच्या पुरात गेल्या. पुड्यांचा डबाही गेला. आता दाखवायला माझ्याकडे काही नाही. म्हणून आले भांडायला.”

मी महाडात कॉलेजला होते. पाच वर्षं रोज त्या पाट्यांखालून गेले. त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते सांगेन. मागे काय होतं ते त्या सकाळपर्यंत मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि तरी त्या रस्त्यावर सकाळी बरं वाटायचं. त्याचे आभार कुणाचे मानायचे, हे मला इतक्या उशिरा कळलं.

अनुपमा मॅडम उठल्या. “ऐका. निर्णय बदललाय. पडदा अख्खा जाणार. आभाळ दुमडायचं नाही, पट्टी उघडी ठेवायची, आणि पाटीवर दोन नावं. श्रीपत उतेकर आणि जलील पुरकर, एकाच आकाराच्या अक्षरांत. आता कुणी ह्याला हातही लावू नका. आहे तसा, चुन्यासकट.”

दीपकने मान हलवली. “मंडळाच्या वतीनं मंजूर. ताई, माझं जरा चुकलंच.”

“माझंही आवाज चढवणं चुकलं,” महरुन्निसा म्हणाली, साळूबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायली. सगळा तांब्या प्यायली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण चाचा उठले, चपला काढल्या आणि अनवाणी पडद्यावर चालत गेले. झाडांच्या वर, निळाईत. वाकून त्यांनी बोट घासलं आणि बोटाला आलेला चुना उन्हात धरून पाहिला.

“हे कोण रंगवतं?”

दीपकने पायरीकडे पाहिलं. मग साळूबाईच पायरीवरून म्हणाली, “मी. माज्या आधी माजी सासू रंगवायची. आमाला काय ठावं, दादा? वर पांढरे पांढरे डाग पडायला लागले, तर वाटलं, भैरीच्या पुढं लागतो पडदा, भुंडा कसा ठेवायचा? माझं चुकलं काय रे?” तिचा आवाज बारीक झाला होता. मघाच्या भांडणातलं सगळं तिने ऐकलं होतं, आणि आता ते चौदा तुकडेही पाहिले होते.

“दर साल?”

“दर साल. पाडव्याला भिंत, दुसऱ्या दिशी पडदा.”

चाचा तिच्यापर्यंत चालत आले. “आक्का, सरसाचा रंग चार वर्षं पण टिकत नाय. कच्चा असतो. हरसाल हात द्यायलाच लागतो. जाताना मी तुमच्या सासऱ्यांना बोलून गेलो होतो, दर चैत्रात येईन. आलो नाय. एकदा पण नाय आलो. श्रीपत मुंबईला गेला, एकट्यानं होत नाय म्हणून नाय आलो. माझं काम तुमी केलंत. छप्पन वर्षं.” त्यांनी दोन्ही हात जोडले. “तुमी निळं केलं नसतं तर लोकांनी हा पडदा कधीच फेकला असता. खालची झाडं पण नसती राहिली, श्रीपतची.”

साळूबाईने पदर तोंडाला लावला आणि त्याआडून म्हणाली, “पण भुंडंच केलं मी. सपाट.”

“जरा सपाट हाय,” चाचांनी मान्य केलं. मग दीपककडे वळले. “जत्रा कधी?”

“आठ दिसांनी.”

“पडदा मुंबईला गेला, मग नाटकाच्या मागं काय?”

दीपक घुटमळला. “फ्लेक्स सांगितलाय. छापून येतो तयार. हिमालय हाय.”

“भैरीच्या पुढं हिमालय?”

“बर्फ हाय, चांगला दिसतो.”

चाचांनी पडद्याकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं. “पोलादपूरला सरस मिळंल काय?”

“चाचा, नाही!” अनुपमा मॅडमना सगळ्यांच्या आधी कळलं. “तुम्ही ह्याच्यावर आज रंग दिलात तर मला हा नेता येणार नाही. जुनं काम म्हणून दाखवायचंय मला. नवं आभाळ असलेला पडदा त्या प्रदर्शनात बसत नाही. फार तर ह्या पट्टीचा फोटो पुस्तकात छापता येईल. तोही शेवटच्या पानांत कुठेतरी.”

“छापा की.”

“फक्त फोटो! अख्ख्या पडद्याऐवजी!”

“तुमचं काम तुमी करताय मॅडम, मला पटतंय. पण हे माझं काम राहिलंय.”

दीपक बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. पुतण्या म्हणून त्याला काकांचा पडदा मुंबईत पाहायचा होता. मग त्याने खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. “किती आणू सरस?” एवढंच विचारलं, आणि खाली मान घालून गेला.

दुपारपर्यंत देवळामागे तीन दगडांची चूल पेटली. पातेल्यात सरस वितळत होता, त्याचा उग्र वास खळ्यात पसरला होता. गावातून नीळ, गेरू, खडूची पूड गोळा झाली. चाचांनी साळूबाईला ओल्या फडक्याने जुना चुना टिपायला शिकवलं, आणि तिने तो असा टिपला, जसं तान्ह्या पोराचं तोंड पुसतात.

महरुन्निसा सभामंडपात खांबाला टेकून बसली होती, मांडीवर ते वर्तमानपत्र. चाचा तिच्यासमोर येऊन खाली बसले. मी मंडपाच्या दारात, बांबूला कुंचला बांधत होते.

“रागावलीस?”

“अब्बा, एक्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा कुणी तुमचं नाव लिहिणार होतं.”

“पाट्यांवर कोपऱ्यात लिवायचो ना मी. ‘जलील, महाड’.”

“थट्टा करू नका. श्रीपतकाकांच्या शेजारी लिहिणार होते. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.”

“मी नऊ वर्षं त्याच्या शेजारी झोपलो. घोरायचा.”

“अब्बा!”

“बरं, ऐक. तू एखादीला ब्लाउज शिवून दिलास. पुढं तो उसवला. तू गेली नाहीस. तिनं घरच्या घरी वाकडातिकडा टाका घालून छप्पन वर्षं वापरला, टाकला नाय. आता तू तिच्या दारात आलीस. काय करशील? ब्लाउज मागून नेऊन काचेत लावशील, का तिला नीट शिवून देशील?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

“मुंबईत तुमचं नाव लोकांनी वाचलं असतं. इथे रंगवलंत तर चार वर्षांनी काय? परत चुना आणि नीळ.”

“मग तुला यायला लागंल. आक्काला शिकवू आपण. तिच्या सुनेला पण.”

“मी शिंपीण आहे, अब्बा. चित्रकार नाही.”

“श्रीपतपण नव्हता.” चाचांनी गुडघ्यावर हात टेकले आणि खांबाचा आधार घेत उठले. बाहेर साळूबाई ओरडत होती, “दादा, सरस उकळला रे!” त्यांनी माझ्या हातातला बांबू घेतला, कुंचल्याची गाठ ओढून पाहिली. दुसरा कुंचला, कोरडा, भिंतीशी उभा होता. तो त्यांनी उचलला नाही.

“हात कापतो आता माझा,” ते दारातून मागे न बघता म्हणाले. “सांधे दिसतील. पुढनं मी ओढीन, तेवढं होईल. पण माझ्या मागनं कोण येणार, महरू?”

महरुन्निसाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि साळूबाईच्या रिकाम्या तांब्याखाली ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. ओढणी कमरेला घट्ट बांधली. भिंतीशी उभा असलेला कुंचला घेतला, तळहातावर त्याचे केस झाडून पाहिले, दारातल्या चपला तिथेच राहू दिल्या आणि अनवाणीच अब्बांच्या मागे उन्हात गेली.